मैत्रिणीच्या अंगावर आवडलेला व्हॅनिला परफ्यूम आपल्या अंगावर कसा तपासायचा

‘माझ्या मैत्रिणीने लावला होता, तोच द्या’ असं म्हणत येणाऱ्या प्रत्येकीला मी एकच विनंती करते. आज घेऊ नका, आज फक्त लावून जा. विकणाऱ्या बाईनेच असं सांगावं याचं काही जणींना नवल वाटतं. पण ठाण्यातल्या एका मोठ्या दुकानात परफ्यूमच्या काउंटरवर उभं राहून माझी एक खात्री झाली आहे. फुलं आणि व्हॅनिला यांचं मिश्रण माणसागणिक जितकं बदलतं, तितकं लिंबू-संत्र्याचं किंवा नुसत्या लाकडाचं बदलत नाही. एकाच टेस्टरमधून दोन बहिणींच्या हातांवर स्प्रे मारला तर एकीच्या हातावर मोगरा आणि दुधाळ गोडवा राहतो, दुसरीच्या हातावर तासाभरात कस्टर्ड पावडर उरते. दोघी एकमेकींचे हात हुंगतात आणि माझ्याकडे बघतात, जणू मी दोन वेगळ्या बाटल्या वापरल्या.

असं का होतं आणि घरच्या घरी ते कसं तपासायचं, ते इथे सांगते. घाई असेल तर मधला तपासणीचा भाग तरी वाचाच.

आधी बाटलीत काय असतं ते बघू. परफ्यूम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेले डझनावारी रेणू, आणि त्यातला प्रत्येक आपापल्या वेगाने उडतो. लिंबूवर्गीय वासातला लिमोनीन १७६ अंश सेल्सिअसला उकळतो, बऱ्याच फुलांमध्ये सापडणारा लिनालूल १९८ ला, मोगरा-जाईच्या वासातला फळासारखा गोड बेन्झिल अॅसिटेट साधारण २१२ ला, त्याच फुलांमधला इंडोल २५४ ला आणि व्हॅनिलाच्या वासातला मुख्य रेणू व्हॅनिलिन २८५ ला. आपल्या अंगावर काही उकळत नाही, त्वचेचा पृष्ठभाग बत्तीस-चौतीस अंशांवर असतो. पण कोण आधी उडणार आणि कोण मागे राहणार, हे या आकड्यांवरून कळतं. पहिल्या पंधरा मिनिटांत लिंबू जातं. मग हळूहळू मोगऱ्याची फळासारखी, हसरी बाजू जाते. मागे राहतात इंडोल आणि व्हॅनिलिन.

या इंडोलकडे लक्ष द्या, कारण बहुतेक तक्रारी तिथूनच येतात. पांढऱ्या फुलांना जो जडपणा असतो, रात्री निशिगंधाजवळ बसलं की डोकं भरून येतं तो, त्यात इंडोलचा मोठा वाटा आहे. थोडा असला की फूल खरं वाटतं. आजूबाजूचे हलके वास उडून गेले आणि तो एकटा पुढे आला, की शिळ्या गजऱ्याचा वास येतो. व्हॅनिला त्याला गोडी देते, त्याला झाकत मात्र नाही.

व्हॅनिलाचं म्हणाल तर परफ्यूममधली बहुतेक व्हॅनिला शेंगेतून येत नाही. फर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ मध्ये व्हॅनिलिन प्रयोगशाळेत बनवलं आणि होल्त्समिंडेन गावात त्याचा कारखाना निघाला. पुढे गेरलाँ या फ्रेंच परफ्यूम घराण्याच्या जिकी या परफ्यूममध्ये, १८८९ साली, ते वापरलं गेलं. १९२५ च्या शालिमारमध्ये त्याच घराण्याने इथिल व्हॅनिलिन घातलं, जे साध्या व्हॅनिलिनपेक्षा सुमारे तिप्पट तीव्र असतं. ही जुनी हकीकत सांगण्याचं कारण एवढंच, की ‘माझ्या परफ्यूममध्ये खरी व्हॅनिला नाही म्हणून तो मला शोभत नाही’ ही समजूत मनातून काढून टाका. कृत्रिम व्हॅनिलिनचा रेणू आणि शेंगेतल्या व्हॅनिलिनचा रेणू एकच असतो. शेंगेच्या अर्कात त्याच्यासोबत इतर बरेच रेणू असतात, म्हणून तो अर्क थोडा धुरकट, थोडा चामड्यासारखा लागतो. फरक तेवढाच.

आता त्वचा. ‘तुमचा पीएच वेगळा आहे’ हे वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या काउंटरवर ऐकलं असेल. मी ते म्हणत नाही. निरोगी त्वचेचा पीएच सगळ्यांचाच साधारण पाचच्या आसपास, सौम्य आम्ल असतो. व्हॅनिलिनच्या रेणूत फरक पडायला तो साडेसातच्या जवळ जावा लागतो. एकीचा ४.८ आणि दुसरीचा ५.३ असल्याने फुलाचं कस्टर्ड होत नाही. पीएच वर जातो तो वडीच्या साबणाने आंघोळ केल्यावर, कारण तो साबण अल्कधर्मी असतो, आणि तेही काही वेळापुरतंच. म्हणून आंघोळीनंतर अर्धा तास थांबून परफ्यूम लावा, हा सल्ला मात्र मी देते.

खरा फरक पडतो तो त्वचेवरच्या तेलाने, उबेने, घामाने आणि त्वचेवर आधीच असलेल्या वासांनी.

तेलाचं समजून घ्या. वासाचे बहुतेक रेणू पाण्यात कमी आणि तेलात जास्त विरघळतात. त्वचा तेलकट असेल तर ते त्या थरात धरून राहतात आणि सावकाश सुटतात. कोरड्या त्वचेवर धरायला काहीच नसतं. फुलं पटापट उडून जातात आणि व्हॅनिलाही पातळ होते. वय वाढतं तसं त्वचेचं तेल कमी होतं, बायकांमध्ये पाळी गेल्यावर जास्तच. पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी बायका मला सांगतात की आवडता परफ्यूम ‘आता पूर्वीसारखा येत नाही, कंपनीने बदलला असेल.’ कधीकधी फॉर्म्युला खरंच बदललेला असतो. पण आधी हातावर थोडं मॉइश्चरायझर लावून बघा.

उबेचं काम सोपं आहे. जिथे रक्तवाहिन्या त्वचेच्या जवळ असतात तिथून वास जोरात सुटतो आणि लवकर संपतो. गळा, कोपराची आतली घडी, गुडघ्यामागचा भाग. उन्हात स्कूटरवरून जाणाऱ्या मुलीच्या गळ्यावरचा आणि एसीत बसलेल्या तिच्या आईच्या गळ्यावरचा परफ्यूम एकाच गतीने उलगडणार नाही.

घामाबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०२२ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या, अगदी जंगलात शिकार करून राहणाऱ्या समाजांतल्या लोकांनाही तेच दहा वास दिले आणि आवडीप्रमाणे रांगेत लावायला सांगितले. सगळ्यात आवडता ठरला व्हॅनिलिन. सगळ्यात नावडता ठरला आयसोव्हॅलेरिक अॅसिड, म्हणजे घामट पायांच्या वासातला मुख्य घटक. कुठल्या संस्कृतीत वाढलो याचा आवडीनिवडीत वाटा फक्त ६ टक्के निघाला. बाकीचं रेणू स्वतः आणि माणसाची वैयक्तिक पसंती यांत वाटलं गेलं. मग विचार करा, काखेजवळ किंवा घामेजलेल्या छातीवर व्हॅनिला मारली की काय होत असेल? ताजा घाम जवळजवळ बिनवासाचा असतो. त्वचेवरचे जिवाणू त्यातून आंबूस आम्लं तयार करतात आणि ती गोड व्हॅनिलाशी मिसळली की नासलेल्या दुधाकडे झुकणारा वास येतो. इथे परफ्यूमचा काही दोष नाही, त्याची जागा चुकली. गोड परफ्यूम काखेत, छातीवर किंवा पाठीवर नको. तिथे बिनवासाचा डिओ लावा आणि व्हॅनिला कोपरापाशी ठेवा.

त्वचेवर आधी असलेल्या वासांची यादी आपल्या घरांत मोठी असते. चंदनाचा साबण, टाल्कम पावडर, केसांचं खोबरेल, बाम, कपड्यांचा कंडिशनर, फोडणीचा हिंग. खोबरेल आणि व्हॅनिला एकत्र आले की नारळाच्या वड्यांचा वास येतो. ज्यांना तो आवडतो त्यांनी मुद्दाम लावावा, मला स्वतःला फार आवडतो. पण परफ्यूम तपासायच्या दिवशी खोबरेल नको.

आता तपासणी.

सुट्टीचा दिवस निवडा. आंघोळीला बिनवासाचा किंवा अगदी सौम्य वासाचा साबण घ्या. हातांना पावडर, तेल, लोशन काही नको. केसांना तेल लावायचं असेल तर आदल्या रात्री लावून सकाळी धुऊन टाका. अर्धा तास जाऊ द्या. मग तीन जागा तयार करा. डाव्या कोपराची आतली घडी, तशीच कोरी. उजव्या कोपराची आतली घडी, तिला बिनवासाच्या मॉइश्चरायझरचं किंवा पेट्रोलियम जेलीचं अगदी पातळ बोट फिरवलेलं. आणि एक धुतलेला सुती रुमाल, तोही सुगंधी कंडिशनर न लावलेला. तिन्हींवर वीतभर अंतरावरून एकेक स्प्रे मारा. मनगट मी मुद्दाम टाळते, कारण सुट्टीच्या दिवशी आपले हात किती वेळा पाण्याखाली जातात, कांदा-लसणात जातात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

स्प्रे मारल्यावर हात हातावर चोळू नका. चोळल्याने रेणू ‘तुटतात’ असं म्हणतात, ते खरं नाही. पण घर्षणाने ऊब वाढते, वरचे हलके वास लवकर उडतात आणि त्वचेचं तेल त्यात कालवलं जातं. आपल्याला तर तेच पाहायचं आहे ना, कोण किती वेळ टिकतं?

पुढे चार वेळा हुंगा. दहा मिनिटांनी, तासाभराने, चारेक तासांनी आणि झोपण्याआधी. मधे मधे नको. नाक एखाद्या वासाला फार लवकर सरावतं आणि सतत हुंगलं की व्हॅनिला ‘गेली’ असं वाटतं. खोलीत नवीन आलेल्या माणसाला ती येत असते, आपल्यालाच येत नाही. हुंगताना नाक त्वचेला टेकवू नका, दोन बोटं अंतर ठेवा आणि एक छोटा श्वास घ्या. प्रत्येक वेळी कागदावर दोन-तीन शब्द लिहा. सुगंधी शब्द सुचले नाहीत तरी चालतात. ‘बिस्कीट’, ‘देवघर’, ‘ओला गजरा’, ‘आजीची पेटी’ असे शब्द सगळ्यात उपयोगी पडतात, कारण दुसऱ्या दिवशी वाचले तरी नेमकं काय वाटलं ते आठवतं.

नाक थकलं की दुकानांत कॉफीच्या बिया पुढे करतात. बाहेरच्या साध्या हवेपेक्षा त्यांचा जास्त उपयोग होत असल्याचं तपासणीत दिसलेलं नाही. गॅलरीत जाऊन दोन मिनिटं उभं राहा, तेवढं पुरतं.

रात्री तीन जागांची टिपणं शेजारी ठेवून वाचली की बरंच कळतं. रुमालाला ना ऊब असते ना तेल, म्हणून तो तुमचा आधार. रुमालावर संध्याकाळी फुलं आहेत आणि दोन्ही हातांवर नाहीत, तर तुमची त्वचा त्यांना लवकर सोडते. असा परफ्यूम ओढणीला, जॅकेटच्या अस्तराला लावायचा. कोऱ्या हातावर काही नाही पण मॉइश्चरायझर लावलेल्या हातावर सुरेख आहे, तर उत्तर मिळालं. रोज आधी मॉइश्चरायझर, मग स्प्रे. रुमालावर ताजा आणि हातांवर शिळ्या गजऱ्यासारखा येत असेल तर तुमच्या अंगाची ऊब आणि तेल इंडोलला पुढे आणत आहेत. त्याला उपाय आहे, तो खाली सांगते. आणि तिन्ही जागी तुम्हाला काहीच येत नसेल पण घरातल्या बाकीच्यांना येत असेल, तर प्रश्न त्वचेचा नाही, नाकाचा आहे. रुमालावरही तासाभरात सगळं संपलं आणि कोणालाच येत नाही, तर परफ्यूमच हलका आहे. पैसे वाचवा.

आमच्या घरी एका रविवारी हा प्रयोग सगळ्यांच्या हातांवर केला. बाटली होती मोगरा, नारंगीचं फूल आणि व्हॅनिला यांची. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे, त्वचा पातळ आणि कोरडी. त्यांच्या कोऱ्या हातावर जेवणं होईपर्यंत फुलं गेली होती आणि दुपारी अगदी जवळ गेल्यावर साखरेच्या पाण्याइतका गोडवा उरला होता. जेली लावलेल्या हातावर तोच परफ्यूम दिवेलागणीपर्यंत होता, आणि मोगरा शेवटपर्यंत मोगराच राहिला. मला विचाराल तर त्या दिवशीचा सगळ्यात सुंदर हात तो. कारण वास हळू होता. त्यांच्या शेजारी बसलं की यायचा, खोलीत पसरायचा नाही. पांढऱ्या फुलांचे हे परफ्यूम म्हाताऱ्या माणसांनी लावू नयेत असं कोण म्हणतं कोण जाणे. त्यांच्या त्वचेवर ते जितके शांत बसतात तितके कोणाच्याच त्वचेवर बसत नाहीत.

भाची कॉलेजात आहे, त्वचा तेलकट, चेहऱ्यावर मुरुमं येण्याचं वय. तिच्या हातावर पहिला तासभर फुलं एवढी मोठी झाली की बाहेरच्या खोलीतून कळत होतं. दुपारी ती क्लासला उन्हातून जाऊन आली आणि हात नाकाशी नेऊन म्हणाली, ‘मामी, गजरा उशीखाली राहिल्यासारखा येतोय गं.’ अगदी नेमकं बोलली पोरगी. वर म्हटलेला उपाय अशा त्वचेसाठी आहे. अर्धाच स्प्रे, म्हणजे हवेत मारून त्यातून हात फिरवायचा. जागा कमी उबेची निवडायची, हाताची बाहेरची बाजू किंवा पोटरी. दिवसा नको, संध्याकाळी लावायचा. तेवढ्यानेही जमलं नाही तर पांढरी फुलं सोडून व्हायोलेट, आयरिस किंवा गुलाब असलेली व्हॅनिला बघायची, त्यांत इंडोलचा त्रास जवळजवळ नसतो. भाचीला पुढे गुलाब-व्हॅनिलाच शोभली.

माझ्या नवऱ्याने आधी ‘हा बायकांचा आहे’ म्हणून हात मागे घेतला, मग दिला. त्याच्या हातावर केस दाट आहेत आणि केस वास छान धरून ठेवतात. गंमत म्हणजे त्याच्या हातावर फुलं मागे राहिली आणि चार तासांनी कोरडी, थोडी तंबाखूच्या पानाकडे झुकणारी व्हॅनिला आली, जी आम्हा बायकांपैकी कोणाच्याच हातावर आली नव्हती. तेव्हापासून एखादा पुरुष बायकोसाठी परफ्यूम घ्यायला येतो तेव्हा मी त्याच्याही हातावर एक स्प्रे मारते. काही जण लाजतात आणि नंतर दोन बाटल्या घेऊन जातात.

माझ्या स्वतःच्या हातावर तो नीट बसला, फार सांगण्यासारखं नाही.

आता नाकाकडे वळू, कारण याकडे काउंटरवरसुद्धा कोणी लक्ष देत नाही. ‘तुझ्या अंगावर हा चांगला येत नाही’ असं कोणी म्हटलं की आपण लगेच आपल्या त्वचेला दोष देतो. पण हुंगणाऱ्याचं नाकही वेगळं असतं, आणि हा फरक जन्मजात असू शकतो. व्हायोलेटच्या वासात बीटा-आयोनोन नावाचा रेणू असतो. ओआर५ए१ या जनुकातल्या फरकामुळे काही लोकांना तो फुलांसारखा गोड येतो, तर काहींना फार क्षीण किंवा आंबट-तिखट लागतो. पांढऱ्या कस्तुरीच्या नावाखाली जे कृत्रिम मस्क वापरतात, त्यांतले काही प्रकार काही लोकांना अजिबात येत नाहीत. २००० साली आलेल्या केन्झोच्या फ्लॉवरसारख्या, व्हायोलेट, पांढरे मस्क आणि व्हॅनिला यांवर उभ्या असलेल्या परफ्यूमबद्दल दोन माणसं अगदी उलट मत देतात, त्यामागे हे कारण असू शकतं. एकाला पावडर लावलेलं बाळ आठवतं, दुसऱ्याला नुसती साखर येते. माझ्या अनुभवात पांढऱ्या फुलांची व्हॅनिला त्वचेप्रमाणे जास्त बदलते आणि पावडरी फुलांची व्हॅनिला नाकाप्रमाणे. म्हणून चौथ्या तासाला एकाला नाही, दोघांना हुंगायला द्या. दोघांचं मत जुळलं तर त्वचेबद्दल बोला. जुळलं नाही तर ज्याच्या शेजारी तुम्ही जास्त वेळ बसता त्याचं ऐका.

आठवणींचाही भाग आहेच. आपल्याकडे व्हॅनिलाची ओळख अत्तरातून झाली नाही, आइस्क्रीम, केक आणि बिस्किटांतून झाली. विलेपार्ल्यात पूर्वेला वाढलेल्या माझ्या एका ग्राहक ताईंना कुठलीही व्हॅनिला हुंगवली की त्या बिस्किटाच्या कारखान्याचंच बोलतात. तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला तरी स्टेशनबाहेरचा तो भाजलेला गोड वास त्यांच्या नाकातून गेलेला नाही. त्यांना व्हॅनिला अंगावर नको असते, आणि ते बरोबरच आहे. जिच्या नाकाला तो खाण्याचा वास वाटतो तिने व्हॅनिला कमी आणि फूल जास्त असलेली बाटली घ्यावी. त्वचा कितीही चांगली असली तरी मन नाही म्हणत असेल तर सोडून द्यावं.

हवेचं थोडक्यात. तपासणी ज्या ऋतूत लावणार त्याच ऋतूत करा. मे महिन्यात आमच्याकडे दमट उकाड्यात जी व्हॅनिला चिकट वाटते, तीच डिसेंबरात पुण्याच्या कोरड्या थंडीत अंगाला शालीसारखी वाटते. पावसाळ्यात लोकलच्या गर्दीत फार गोड परफ्यूम लावून जाऊ नये, हे माझं आग्रहाचं मत आहे. शेजारी दाटीवाटीने उभ्या असलेल्या बाईला तिथून हलता येत नाही.

दुकानात गेल्यावर पट्टीवर, म्हणजे ब्लॉटरवर, नापसंत वासांची छाटणी करा. पट्टीवरून निवड करू नका. पट्टी थंड आणि कोरडी असते, तिच्यावर व्हॅनिला दिवसभर येत राहते आणि फुलांचं खरं रूप कळत नाही. पट्टीवर तीन बघा, त्यातला एक अंगावर घ्या आणि दुकानाबाहेर पडा. काउंटरवरच्या मुलीने ‘दुसऱ्या हातावर हा पण बघा ना’ म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा. तिला टार्गेट असतं, ती वाईट नसते. पण दोन गोड वास एका अंगावर आले की दोन्हींचा निकाल लागत नाही. छोटी कुपी मिळत असेल तर तीच घ्या. दोन मिलिलिटरमध्येसुद्धा वीसेक स्प्रे निघतात, तपासायला पुष्कळ.

ज्यांना त्वचेचा त्रास आहे त्यांनी आधी कोपराच्या घडीत एक थेंब लावून दोन दिवस बघावं. खाज, लाली आली तर परफ्यूम त्वचेवर नको, कपड्यावरच. बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाच्या जुन्या पद्धतीच्या तेलात उन्हाने त्वचेवर काळे डाग पाडणारा घटक असतो. आता बहुतेक कंपन्या तो काढून टाकतात, तरी उघड्या गळ्यावर लावून उन्हात जाणं टाळलेलं बरं.

कपड्यांबद्दल मात्र जपून. व्हॅनिलिन हवेत आणि उजेडात पिवळसर-तपकिरी होतं. म्हणून व्हॅनिलाच्या बाटलीतला द्रव कालांतराने गडद होतो. तो नासला असंच नाही, वास ठीक असेल तर वापरा. पण तोच द्रव पांढऱ्या कुडत्यावर किंवा फिक्या रेशमी साडीवर डाग ठेवतो आणि तो डाग निघता निघत नाही. कपड्यावर मारायचाच असेल तर गडद सुती ओढणीच्या आतल्या बाजूला, लांबून. पैठणीवर कधीच नाही. बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत ठेवू नका, कपाटात, मूळ खोक्यात ठेवा.

ज्यांना बाजारातला एकही तयार परफ्यूम पटत नाही त्यांच्यासाठी एक वाट आहे, आणि मला ती मनापासून आवडते. मोहम्मद अली रोडवरच्या अत्तराच्या दुकानातून मोगऱ्याचं किंवा गुलाबाचं थोडं अत्तर आणा. अत्तर तेलातलं असल्यामुळे कोरड्या त्वचेलाही धरून बसतं. कोपराच्या घडीत त्याचा एक ठिपका लावा आणि वर साध्या, फुलं नसलेल्या व्हॅनिलाचा एक स्प्रे. फूल किती आणि व्हॅनिला किती हे तुमच्या हातात राहतं. तेलकट त्वचेच्या मुलींनी ठिपका अगदी सुईच्या टोकाएवढा घ्यावा. सासूबाई आता अशाच लावतात, हळदीकुंकवाला जाताना.

भेट द्यायची असेल तर मोठी बाटली आंधळेपणाने घेऊ नका. जिला द्यायची तिची त्वचा कोरडी की तेलकट हे तुम्हाला बहुधा माहीत असतं. कोरडी असेल तर ओ द पार्फम घ्या, त्यात सुगंधाचं प्रमाण ओ द तॉलेतपेक्षा जास्त असतं, आणि सोबत बिनवासाचं मॉइश्चरायझर द्या. तेलकट असेल तर गुलाबाची किंवा आयरिसची व्हॅनिला, ओ द तॉलेतमध्ये. दोन्ही माहीत नसेल तर तीन-चार छोट्या कुप्यांचा संच द्या, त्यात एक चिठ्ठी घाला आणि सांगा की रविवारी लावून बघ, आवडेल त्याची मोठी बाटली मी आणते.